कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट कसा घ्यायचा: सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून आत्याचा फोन आला. मुलाच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि ती घरच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरत बसली होती. "अगं, लाल अक्षरात कायतरी आलंय बघ. कन्नडात हाय. मला वाचायला कुठं येतंय?" मी म्हटलं, फोटो काढून पाठव. तिने मोबाईलने पडद्याचा फोटो काढला. वरच्या ट्यूबलाईटचा पांढरा पट्टा नेमका त्या लाल ओळीवर पडला होता. बाकीच्या पडद्यावर रंगीत वाकड्या रेघा उमटलेल्या. अर्ज क्रमांकातला एक आकडा तीन की आठ, ते काही केल्या कळेना. तिने दिवा बंद करून काढला, खुर्चीवर उभं राहून काढला, तरी तेच.

ही अडचण आमच्या भागात घरोघरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा. मराठी शाळेत शिकलेली माणसं बाजारात, बसमध्ये, शेतात सर्रास कन्नड बोलतात, पण लिपी वाचायला येत नाही. 'हेसरु' म्हटलं की नाव, 'मुंदे' म्हणजे पुढे, हे कानाला पक्कं ठाऊक असतं. तेच शब्द पडद्यावर कन्नड अक्षरांत आले की अनोळखी होतात. मग फोनवर मदत मागायची म्हटली तरी समोर काय लिहिलंय ते वाचून सांगता येत नाही. इंग्रजी वाचता येणाऱ्याला निदान स्पेलिंग तरी सांगता येतं. आमच्या आत्याला तेही शक्य नव्हतं.

स्क्रीनशॉट इथे कामी येतो. पडद्यावर जे दिसतंय त्याचं जसंच्या तसं चित्र कॉम्प्युटर स्वतःच काढतो. कॅमेरा नाही, उजेडाचा प्रश्न नाही, अक्षर न् अक्षर स्वच्छ. तुम्हाला वाचता येवो न येवो, ते दुसऱ्याला दाखवता येतं. मी तेव्हा आत्याला फोनवर जे शिकवलं ते, आणि त्यानंतर गल्लीतल्या बायकांना, कॉलेजच्या पोरांना शिकवताना जे लक्षात आलं ते, इथे लिहिते आहे.

आधी एवढं एकच जमवा

तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० किंवा ११ असेल तर ही एक रीत शिकून घ्या. रोजची बहुतेक कामं हिच्यावरच भागतात.

१. जे टिपायचं आहे ते पडद्यावर नीट समोर आणा. वर दुसरी खिडकी आली असेल तर ती बाजूला करा.

२. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या बाजूला, चार चौकोनांच्या खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे. ते विंडोजचं बटण. ते दाबा आणि दाबूनच धरा.

३. ते धरलेलं असतानाच डावीकडचं शिफ्ट दाबून धरा.

४. दोन्ही धरलेली असताना एस या अक्षराला एकदा टिचकी मारा. मग सगळी बोटं उचला.

५. पडदा काळपट होईल आणि वर मध्यभागी एक छोटी पट्टी दिसेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. माऊसचा बाण आता अधिकच्या खुणेसारखा झालेला असेल. हव्या त्या भागाच्या एका कोपऱ्यात डावं बटण दाबा, दाबूनच तिरकं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढा आणि सोडा.

६. चित्र तयार झालं. पाठवायचं असेल तर ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब, म्हणजे मोबाईलचं व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर दाखवणारं पान, उघडा, ज्याला पाठवायचं त्याचं नाव निवडा, लिहायच्या जागेत क्लिक करा आणि कंट्रोल धरून व्ही दाबा. चित्र समोर येईल. एंटर दाबलं की गेलं.

नवशिक्याचं बोट अडखळतं ते दुसऱ्या पायरीवर. आत्याने विंडोजचं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. त्याबरोबर स्टार्ट मेन्यू उघडला, आणि पुढे एस दाबल्यावर तिथे शोधाशोध सुरू झाली. "हे भलतंच उघडलंय की गं!" मी म्हटलं, "एस्केप दाब. आता ते बटण दारावरच्या बेलसारखं दाबून सोडू नकोस. वरवंटा धरतेस तसं धरून ठेव." दुसऱ्या वेळी शिफ्टऐवजी कॅप्स लॉक दाबलं गेलं. ती दोन बटणं एकाखाली एक असतात, त्यामुळे हे सगळ्यांचंच होतं. शिफ्ट म्हणजे खालचं, ज्यावर वर जाणारा बाण असतो ते. तिसऱ्या वेळी फोनवरूनच आवाज आला, "काळं झालं, काळं झालं!" अर्ध्या मिनिटात चित्र माझ्याकडे पोहोचलं. लाल ओळ स्वच्छ दिसत होती. आधार कार्डावरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. ट्यूबलाईटशी झटापट करण्यात पाऊण तास गेला होता.

मध्येच विचार बदलला तर एस्केप दाबा, सगळं पूर्ववत होतं. वरच्या पट्टीत आणखी पर्याय असतात: हाताने वेडावाकडा भाग निवडणं, एकच पूर्ण खिडकी टिपणं, सगळा पडदा टिपणं. सुरुवातीला चौकोनच ठेवा.

आपल्याकडे विंडोज कोणतं आहे हे माहीत नसेल तर विंडोजचं बटण धरून आर दाबा. छोटी खिडकी येईल तिच्यात इंग्रजीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं लिहून एंटर मारा. विंडोज ७ निघालं तर वरची रीत चालणार नाही. त्यात स्टार्ट मेन्यूत जाऊन स्निपिंग टूल नावाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि 'न्यू' वर क्लिक करून चौकोन ओढायचा.

प्रिंट स्क्रीनचं बटण

कीबोर्डच्या वरच्या ओळीत, एफ-१२ च्या उजवीकडे एक बटण असतं. 'प्रिंट स्क्रीन' हे पूर्ण शब्द त्यावर मावत नाहीत, म्हणून बऱ्याचदा पी, आर, टी, एस, सी एवढीच अक्षरं छापलेली असतात. नाव वाचून अनेकांना वाटतं की हे दाबलं की प्रिंटर सुरू होईल. एके काळी तसंच होतं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात हे बटण पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरला पाठवायचं. आता ते चित्र काढतं, कागद नाही.

नुसतं दाबलं तर जुन्या विंडोजमध्ये अख्ख्या पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर जातं. क्लिपबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची ओंजळ. धरलेलं कुठंतरी ओतलं, म्हणजे पेस्ट केलं, तरच राहतं. आवाज नाही, संदेश नाही, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटून लोक दहादा दाबत बसतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मात्र हेच बटण दाबल्यावर वर सांगितलेला काळपट पडदा येतो. हे नको असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे प्रिंट स्क्रीनसमोरचं बटण बंद करता येतं.

ऑल्ट धरून हे बटण दाबलं तर फक्त समोरच्या खिडकीचं चित्र मिळतं, मागचं काही येत नाही. आणि विंडोजचं बटण धरून दाबलं तर पडदा क्षणभर अंधारतो आणि पूर्ण पडद्याचं चित्र आपोआप जपून ठेवलं जातं. विंडोज ८ पासून ही सोय आहे. पेस्ट करायचं लक्षात राहणार नाही अशा माणसाला मी हीच रीत सांगते.

लॅपटॉपवर हे बटण दुसऱ्याच कामाच्या बटणात दडलेलं असू शकतं. अक्षरं वेगळ्या रंगात किंवा बटणाच्या खालच्या बाजूला छापलेली असतील तर डाव्या कोपऱ्यातलं एफ-एन धरून मग दाबा. बटण मोडलंय किंवा सापडतच नाही, तर विंडोज, शिफ्ट आणि एस हे त्रिकूट आहेच.

चित्र गेलं कुठं?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

विंडोज आणि प्रिंट स्क्रीन मिळून काढलेलं चित्र पिक्चर्स या फोल्डरमध्ये, त्यातल्या स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये असतं. विंडोज ११ मध्ये शिफ्ट-एसवाल्या रीतीने काढलेलं चित्रही आता तिथेच आपोआप जातं. विंडोज १० मध्ये तसं नाही. तिथे खाली उजव्या कोपऱ्यात एक सूचना येते. तिच्यावर क्लिक केलं तर चित्र उघडतं आणि मग फ्लॉपीच्या चित्रावर क्लिक करून ते सेव्ह करावं लागतं. सूचना निघून गेली तर पेंट उघडा, कंट्रोल-व्ही करा, मग कंट्रोल-एस. पेंट प्रत्येक विंडोजवर असतं, पार १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून.

पिक्चर्समध्ये पाहिलं आणि तिथे काहीच नाही, असं झालं तर डावीकडे वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा) असं लिहिलंय का बघा. ते चालू असेल तर पिक्चर्स फोल्डरच त्याच्या आत गेलेलं असू शकतं.

आणि एक सवय आजच लावून घ्या. विंडोजचं बटण धरून व्ही दाबा. पहिल्यांदा 'चालू करू का' असं विचारेल, हो म्हणा. त्यानंतर क्लिपबोर्डवरच्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे ओळीने दिसतात. स्क्रीनशॉट काढला, मग चुकून दुसरं काही कॉपी केलं, तरी आधीचं चित्र तिथून परत घेता येतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला की ही यादी पुसली जाते, तेव्हा भरवसा तेवढ्यापुरताच.

काय टिपायचं, किती टिपायचं

बटणं दहा मिनिटांत येतात. चौकोनात काय घ्यायचं हे कळायला वेळ लागतो, आणि खरं काम तिथेच आहे.

मदत मागायची असेल तर चूक सांगणारी ओळ आणि ती ज्या रकान्याखाली आली तो रकाना, दोन्ही घ्या. नुसती लाल ओळ पाठवली की समोरचा विचारतो, 'हे कुठं आलंय?' आणि अख्खा पडदा पाठवला तर मोबाईलवर मुंगीएवढी अक्षरं दिसतात. वर पानाचं शीर्षक, खाली लाल ओळ, एवढा पट्टा पुरे.

पुरावा ठेवायचा असेल तर उलट करा. अख्खा पडदा घ्या, काहीही कापू नका. वरची पत्त्याची पट्टी आली पाहिजे, म्हणजे कोणती वेबसाईट ते कळतं. खाली उजवीकडे तारीख आणि घड्याळ असतं, तेही आलं पाहिजे. हे मला चांगलंच ठेच लागून कळलं. दोन वर्षांपूर्वी भावाच्या परीक्षेची फी ऑनलाईन भरत होते. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला आणि समोरचं पान पांढरं झालं. पाच-सात सेकंद व्यवहार क्रमांक पडद्यावर होता, पण मी तो टिपला नव्हता. पुढे तीन आठवडे अर्ज, ईमेल, फोन. पैसे शेवटी जमा धरले गेले, पण तोवर भावाची झोप उडाली होती. तेव्हापासून कुठलाही फॉर्म भरताना मी तीन चित्रं काढतेच: सादर करण्याआधीचा भरलेला फॉर्म, पैसे भरल्यावर येणारं पान, आणि शेवटची पावती. 'सल्लिसु', म्हणजे सादर करा, या बटणावर बोट ठेवण्याआधी पहिलं.

आमच्या पोरांना हे जास्तच लागतं, कारण ती दोन्हीकडचे फॉर्म भरतात. कर्नाटकची केसीईटी वेगळी, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी वेगळी, दोन्हींचे अर्ज क्रमांक वेगळे, पासवर्ड वेगळे, तारखा वेगळ्या. तेव्हा पहिल्याच दिवशी दोन फोल्डर करा. चित्राला नाव देताना तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे कशाचं ते. असं केलं की फोल्डरमध्ये चित्रं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. कुठे अपलोड करायचं असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. काही पोर्टल देवनागरी नावाची फाईल घेतच नाहीत.

शेतीच्या उताऱ्याचंही एक सांगते. कर्नाटकात भूमी योजनेखाली २००० सालापासून उतारे कॉम्प्युटरवर आले. इथे त्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. सर्व्हे नंबर घालून पडद्यावर उतारा पाहता येतो, आणि पुण्या-मुंबईत असलेल्या भावाला दाखवायला त्याचा स्क्रीनशॉट उत्तम. पण बँकेत कर्जाला किंवा कोर्टात तो चालत नाही. तिथे शुल्क भरून काढलेला उताराच लागतो. अनेकजण रंगीत प्रिंट काढून जातात आणि हात हलवत परत येतात.

माऊस हलवला की गायब होणारी यादी टिपायची असेल, तर स्टार्टमधून स्निपिंग टूल उघडा आणि घड्याळाच्या चित्रावर क्लिक करून ५ सेकंद निवडा. मग 'न्यू' दाबून तेवढ्या वेळात ती यादी उघडून ठेवा. पाच सेकंदांनी पडदा आहे तसा गोठतो.

लांबलचक पान

पान खाली सरकवत सरकवत पाच-सहा चित्रं काढायची गरज नाही. फायरफॉक्स किंवा एज ब्राउझर असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट धरून एस दाबा आणि पूर्ण पानाचा पर्याय निवडा. वरपासून तळापर्यंत एकच उभं चित्र मिळतं. क्रोममध्ये थोडं आडवळणाने जावं लागतं: कंट्रोल-शिफ्ट-आय दाबा, बाजूला तांत्रिक मजकुराचा चौकोन उघडेल, मग कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून इंग्रजीत स्क्रीनशॉट असं लिहा. यादीत 'कॅप्चर फुल साईझ' असेल त्यावर क्लिक करा. चित्र डाऊनलोड्समध्ये जातं. फक्त वाचायचं असेल तर कंट्रोल-पी दाबून पीडीएफ म्हणून सेव्ह करणं मला त्याहून सोपं वाटतं.

कन्नड मजकूर समजून घ्यायचा असेल तर

आधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी कन्नड आणि इंग्रजी असे दोन पर्याय असतात. नसेल, किंवा चूक सांगणारा संदेश तेवढा कन्नडमध्येच येत असेल, तर स्क्रीनशॉट काढा. मग ब्राउझरमध्ये गुगल ट्रान्सलेट उघडा आणि वर इमेजेस असं लिहिलंय त्यावर क्लिक करा. तिथे क्लिपबोर्डवरून पेस्ट करायचं बटण आहे, म्हणजे चित्र सेव्ह करायचीही गरज नाही. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी निवडा. चित्रातल्या कन्नड अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं येतात.

पहिल्यांदा हे पाहताना शेजारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला होता. कितीतरी वर्षं बेळगावच्या वडगावात राहून, विणकरांच्या घरांत कन्नड बोलत आयुष्य काढलेल्या त्या बाई. पडद्यावर काय लिहिलंय ते कुणाला न विचारता त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

पण दोन गोष्टी सांभाळा. चौकोन लहान घ्या, चार-पाच ओळींचा. अख्खं पान दिलं की भाषांतर भरकटतं. आणि माणसांची नावं, गावांची नावं, आकडे यांच्यावर भरवसा ठेवू नका. नावांचेही कधी कधी अर्थ लावून टाकले जातात. कन्नड अंकांतले सहा आणि नऊ तर नवख्याला सारखेच दिसतात. सर्व्हे नंबर, रक्कम, तारीख असेल तर मूळ स्क्रीनशॉट लिपी येणाऱ्या माणसाला दाखवूनच खात्री करा. आमच्या गल्लीत कन्नड माध्यमात शिकणारी पोरं आहेत, ती आनंदाने वाचून देतात.

पाठवण्याआधी झाकायचं काय

स्क्रीनशॉट एकदा व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की तुमच्या हातात राहत नाही. म्हणून आधी एकदा पूर्ण चित्रावर नजर फिरवा. आधार क्रमांक दिसत असेल तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाका. आधारची अधिकृत झाकलेली प्रतही तशीच असते. खाते क्रमांक, मोबाईल नंबर, जन्मतारीख, बाजूला उघड्या असलेल्या दुसऱ्या टॅबची नावं हेही बघा. ओटीपी दिसत असलेलं चित्र कुणालाच, अगदी घरच्यालाही, पाठवू नका.

झाकायचं कसं? पेंटमध्ये चित्र पेस्ट करा, वरच्या आकारांतून चौकोन निवडा, त्याच्या 'फिल'मध्ये 'सॉलिड कलर' घ्या आणि दोन्ही रंग काळे करून आकड्यांवर ओढा. हायलायटरने काळं फासू नका, तो पारदर्शक असतो. मागचे आकडे अंधूक दिसतात आणि उजेड वाढवला की वाचता येतात. अक्षरं धूसर करणंही पुरेसं नाही. धूसर केलेले आकडे परत ओळखून काढता येतात.

कापून टाकलेला भाग खरोखरच गेला का, हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष उघड झाला होता. जुनं चित्र उघडून कापलं आणि त्याच नावाने सेव्ह केलं, तर कापलेल्या भागाचा काही अंश फाईलमध्ये तसाच राहत होता आणि जाणकाराला तो बाहेर काढता येत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती आली. म्हणून अपडेट टाळू नका, आणि कापलेलं चित्र नेहमी नव्या नावाने सेव्ह करा.

बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीत दुकान चालवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. गिऱ्हाईकाने दाखवलेला 'पेमेंट झालं'चा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. वर सांगितलेल्या पेंटमध्येच कुणीही रक्कम आणि तारीख बदलू शकतो. आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच माल द्या.

पीएनजी की जेपीजी?

स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी या प्रकारात सेव्ह होतो. त्यात अक्षरांची धार जशीच्या तशी राहते. जेपीजीमध्ये फाईल लहान होऊ शकते, पण अक्षरांच्या कडेला मळकट डाग येतात. वाचायचं असेल तर पीएनजी ठेवा. पोर्टल 'अमुक केबीच्या आत' मागत असेल तर पेंटमध्ये 'सेव्ह ॲज' करून जेपीईजी निवडा, तरीही मोठी वाटली तर 'रिसाईझ'मध्ये टक्केवारी कमी करा. व्हॉट्सॲप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतं. बारीक अक्षरं असतील तर क्लिपच्या किंवा अधिकच्या खुणेवर क्लिक करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मॅक आणि उबुंटू

मॅकवर कमांड-शिफ्ट-३ म्हणजे पूर्ण पडदा, कमांड-शिफ्ट-४ म्हणजे ओढून निवडलेला भाग, आणि कमांड-शिफ्ट-५ दाबलं की सगळे पर्याय खाली पट्टीत येतात. चित्र डेस्कटॉपवरच सापडतं. उबुंटूच्या २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडीचा चौकोन समोर येतो, हवा तेवढा ताणायचा आणि एंटर. ते चित्रही पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये जातं.

दुकानातल्या किंवा लॅबमधल्या कॉम्प्युटरवर

घरी कॉम्प्युटर नसेल तर हे सगळं नेट सेंटरमध्ये बसूनच करावं लागतं. करा, पण उठण्याआधी पाच मिनिटं राखून ठेवा. चित्रं पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःलाच ईमेल करा, आणि ती उघडतात का ते तिथेच पाहा. मग पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये जाऊन तुमची चित्रं डिलीट करा. डाऊनलोड्समध्ये काही उतरलं असेल तर तेही. डेस्कटॉपवरच्या रिसायकल बिनवर उजवं क्लिक करून ते रिकामं करा, नाहीतर डिलीट केलेलं सगळं तिथेच पडून असतं. विंडोज-व्ही दाबून 'क्लिअर ऑल' करा. व्हॉट्सॲप वेब मोबाईलवरून बंद करा: लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन त्या कॉम्प्युटरच्या नावावर टिचकी मारली की लॉग आऊटचा पर्याय येतो. मग पोर्टलमधून बाहेर पडा, ब्राउझर बंद करा, आणि पेन ड्राइव्ह काढून घ्या.